उतारवयांतील शिष्यत्व आणि खर्जाची गिटार

नवी विद्या कोणत्या वयापर्यंत आरंभावी, या प्रश्नाचें उत्तर आपल्या घरांतून दोन प्रकारें दिलें जातें. मुलांस उपदेश करावयाचा असला म्हणजे विद्यार्जन करतांना मनुष्यानें स्वतःस अजरामर समजावें असें आपण सांगतों. आणि घरांतील एखाद्या वडील माणसानें कांहीं नवें हातीं घेतलें कीं त्याच तोंडानें 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण उच्चारतों. पहिला उपदेश मनापासूनचा असेल तर दुसऱ्या म्हणीस घरांत जागा असूं नये. या महिन्याच्या सदरांत या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट, आणि कित्येकांस अनपेक्षित वाटेल अशा, उदाहरणावरून करण्याचें योजिलें आहे. तें उदाहरण म्हणजे पन्नाशी-साठी उलटल्यावर बेस गिटार शिकण्याचें.

आपल्या घरांतून पेटी-तबल्याच्या शेजारीं गिटार दिसूं लागली त्यास आतां बराच काळ लोटला. घरांतील मुलगा किंवा नात ती कांहीं वर्षें वाजविते, पुढें शिक्षणासाठीं परगांवीं जाते, आणि वाद्य भिंतीशीं उभें राहतें. त्याकडे पाहून आजोबांस किंवा काकूंस आपणही शिकून पाहावें असें वाटलें, तर त्यांनीं त्या सहा तारांच्या गिटारीअगोदर तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे चार तारांच्या बेस गिटारीचा, विचार करावा अशी आमची सूचना आहे. ती कां, हें सांगण्यापूर्वीं एका फार जुन्या विद्यार्थ्याचें स्मरण करणें योग्य होईल.

ग्रीक तत्त्ववेत्ता सॉक्रेटीस हा उतारवयांत कॉनस नांवाच्या गुरूपाशीं तंतुवाद्य शिकावयास जात असे, असें प्लेटोनें आपल्या 'युथिडेमस' या संवादांत त्याच्याच तोंडून वदविलें आहे. बरोबरचे सारे विद्यार्थी लहान मुलगे होते. ते सॉक्रेटीसास हंसत, आणि बिचाऱ्या गुरूसही म्हाताऱ्यांचा पंतोजी ठरवून चिडवीत. सॉक्रेटीसानें यामुळें शिकणें सोडलें नाहीं; उलट आणखी कांहीं वृद्धांचें मन वळवून त्यांस सहाध्यायी म्हणून आपल्याबरोबर नेलें. या लहानशा हकीकतींतून दोन गोष्टी निघतात. वृद्ध विद्यार्थ्यास हंसण्याची चाल अडीच हजार वर्षांची जुनी आहे. आणि त्यावरील उपाय घरीं बसणें हा नसून सोबती मिळविणें हा आहे.

हाच उपाय अमेरिकेंत पुढें पद्धतशीर रीतीनें अमलांत आला. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयाचे प्राध्यापक रॉय अर्न्स्ट यांनीं १९९१ सालीं 'न्यू होरायझन्स' या नांवाचा उतारवयांतील लोकांचा वाद्यवृंद सुरू केला. पूर्वीं कधींही वाद्य हातीं न धरलेल्यांस त्यांत प्रवेश होता. पुढें त्या धर्तीवर इतर पुष्कळ गांवीं वृंद निघाले. शिक्षणविषयक लेखनाबद्दल प्रसिद्ध असलेले जॉन होल्ट यांनींही चाळिशीच्या सुमारास चेलो हातीं घेतला, आणि बालपणीं जें शिकलें नाहीं तें पुढें शिकतां येत नाहीं, या समजुतीचें खंडन करणारें पुस्तक १९७८ सालीं लिहिलें. तेव्हां शिकतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. काय निवडावें आणि कशासाठीं शिकावें, हे प्रश्न मात्र उरतात.

बेस गिटार हें वाद्य वयानें लहान आहे. त्यापूर्वीं पाश्चात्त्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम डबल बेस नांवाच्या, उभ्या माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या, अवाढव्य वाद्याकडे असे. त्यास पडदे नसल्यामुळें सूर नेमका लागावयास वर्षें खर्चावीं लागत. तें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेणें म्हणजे एक संकटच. आणि ड्रम व विजेची गिटार यांपुढें त्याचा आवाज बुडून जाई. सिअॅटल येथील पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पडदे असलेली विजेची बेस गिटार तयार केली होती. परंतु तिचा प्रसार झाला नाहीं. प्रसार झाला तो कॅलिफोर्नियांतील फुलरटन या गांवीं लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं बाजारांत आणलेल्या वाद्याचा. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. वादकाची अडचण काय आहे, हें मात्र ते लक्षपूर्वक ऐकत. सतारीप्रमाणें दांडीवर पडदे बसविल्यामुळें सूर अचूक लागतो, म्हणून त्या वाद्यास त्यांनीं 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा हेंच नांव दिलें.

या वाद्याच्या चार तारांचीं नांवें, सर्वांत जाड तारेपासून धरल्यास, ई, ए, डी आणि जी अशीं आहेत. ई तार मोकळी छेडली असतां सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात, आणि जी तारेचीं ९८. साध्या गिटारीच्या चार जाड तारांहून हे सूर बरोबर एक सप्तक खालीं आहेत. आपल्या परिचयाच्या वस्तूशीं तुलना करावयाची तर तंबोऱ्याची खर्जाची तार डोळ्यांपुढें आणावी. गवयाच्या मागें बसून तंबोरा छेडणाऱ्याकडे श्रोत्यांचें लक्ष नसतें. पण ती तार जरा उतरली कीं सारी बैठक अस्वस्थ होते. बेस गिटारीचें काम याच जातीचें आहे. भेद इतकाच कीं, तंबोरा एका जागीं स्थिर राहतो, तर बेस गिटार गाण्यांतील स्वरसमूह बदलतील त्याप्रमाणें आपली जागा बदलते. शिवाय डग्ग्याप्रमाणें तालही धरून ठेवते. गाणारा कोठें आहे आणि सम कोठें येणार आहे, या दोहोंचा हिशेब तिच्याकडे असतो.

असें काम करणाऱ्याचें नांव क्वचितच गाजतें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मोटाउन या कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत जीं गाणीं काढलीं तीं जगभर गेलीं. त्यांतील पुष्कळांचा खर्ज जेम्स जेमरसन या एकाच गृहस्थाचा आहे. परंतु १९७१ सालापर्यंत त्या कंपनीच्या तबकड्यांच्या वेष्टनावर साथीदारांचीं नांवें छापलीं जात नसत. हे जेमरसन उजव्या हाताच्या एका तर्जनीनें तारा छेडीत. ज्या नवशिक्यास आपलीं बोटें पुरेशीं चपळ नाहींत अशी भीति वाटते, त्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. लॉस एंजलिस येथील कॅरोल के या बाईंचेंही उदाहरण बोधप्रद आहे. त्या गिटार वाजवून संसार चालवीत होत्या. १९६३ सालीं एका ध्वनिमुद्रणास बेसवादक आला नाहीं म्हणून त्यांनीं तें वाद्य उचललें, आणि पुढें त्या त्याच वाद्यासाठीं प्रसिद्ध झाल्या. विजेचा बेस शिकविणारें त्यांचें पुस्तक १९६९ सालीं निघालें.

आतां हें वाद्य उतारवयास कां मानवतें तें पाहूं. वयोमानानें ऐकूं येणें कमी होतें तें बहुधा उंच सुरांच्या बाजूनें प्रथम होतें. पांखरांचा बारीक आवाज किंवा बोलण्यांतील स, श हे वर्ण अस्पष्ट होऊं लागतात, तेव्हांही खालचे सूर पुष्कळ अंशीं शाबूत असतात. दुसरें असें कीं, बोटांची अतिशय चपळाई ही तरुणपणीं सहज येते आणि नंतर फार प्रयासानें, तीही मर्यादितच, मिळते. बेस गिटारींत तिची गरज सर्वांत कमी. येथें स्वर थोडे लागतात. पण तो प्रत्येक स्वर नेमक्या क्षणीं सुरू व्हावा लागतो आणि नेमक्या क्षणीं थांबवावा लागतो. छेडलेली तार बोट ठेवून वेळेवर शांत करणें हें छेडण्याइतकेंच महत्त्वाचें आहे. दुसऱ्याचें ऐकून घेणें, आपली पाळी नसतां गप्प राहणें, आणि घाई न करणें, हे गुण मोठ्या घरांत चाळीस वर्षें काढलेल्या माणसास शिकवावे लागत नाहींत. सर पॉल मॅकार्टनी यांचा जन्म १९४२ सालचा. ऐंशी वर्षें पूर्ण झाल्यावरही ते तासन्‌तास रंगमंचावर उभे राहून बेस गिटार वाजवीत होते. त्यांनीं सुरुवात तरुणपणीं केली हें खरें. परंतु वृद्ध हातांस हें वाद्य पेलतें, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

तिसरें कारण वाद्याच्या रचनेंत आहे. प्रत्येक तार शेजारच्या जाड तारेहून बरोबर 'सा' पासून शुद्ध 'म' इतकी उंच असते. ए तारेस 'सा' मानलें तर पुढची डी तार 'म' होते, आणि मागची जाड ई तार मंद्र सप्तकांतला 'प' होतो. म्हणजे तंबोरा जुळवितांना ज्या तीन सुरांशीं आपला संबंध येतो तेच तीन सूर येथें मोकळ्या तारांवर तयार आहेत. असंख्य साधीं गाणीं आणि भजनें 'सा', 'म' आणि 'प' या तीनच सुरांवर उभारलेल्या स्वरसमूहांनीं साथ करण्याजोगीं असतात. त्यांपैकीं एखाद्यास पहिल्याच आठवड्यांत, डाव्या हातानें एकही पडदा न दाबतां, खरीखुरी साथ करतां येते. पुढें पडदे दाबूं लागल्यावर दुसरा लाभ ध्यानांत येतो. तारांमधील अंतर सर्वत्र सारखें असल्यामुळें बोटांची जी ठेवण एका जागीं साधली ती तशीच उचलून दुसऱ्या जागीं नेली कीं नवी पट्टी मिळते. साध्या गिटारींत एका जोडीचें अंतर वेगळें असल्यानें ही सोय पूर्णपणें मिळत नाहीं.

अडचणीही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वाद्य भरीव लाकडाचें, वजनानें सुमारें चार किलो असतें. तें बसून वाजवावें, आणि बसूनही रुंद पट्टा खांद्यावर घ्यावा. प्रचारांतील वाद्याच्या तारेचा वाजता भाग ३४ इंच असतो, व तारेच्या आरंभापासून पहिला पडदा सुमारें १.९ इंच दूर पडतो. हात लहान असेल किंवा सांधे आखडलेले असतील तर ३० इंची आखूड वाद्य घ्यावें. त्यांत हेंच अंतर सुमारें १.७ इंच भरतें. चार बोटांनीं चार पडदे ताणून धरण्याचा हट्ट खालच्या पडद्यांवर करूं नये. डबल बेस वाजविणारांची जुनी रीत अशी कीं, तर्जनी, मध्यमा आणि करंगळी यांनीं तीनच पडदे सांभाळावे, व अनामिकेनें करंगळीस बळ द्यावें. ती रीत आपल्या हातांस अधिक हितकर आहे. बोट पडद्याच्या अगदीं मागें टेकलें म्हणजे थोड्या जोरानेंही सूर स्वच्छ निघतो. पहिले कांहीं आठवडे बोटांचीं टोकें हुळहुळतात, पुढें त्यांस घट्टे पडतात. त्याची चिंता नको. मात्र सांध्यांत कळ येणें, मनगट दुखणें किंवा बोटें बधिर होणें हें निराळें. तसें झाल्यास वाद्य खालीं ठेवावें आणि डॉक्टरांस विचारावें.

सरावाविषयीं एकच नियम सांगावासा वाटतो: रोज वीस मिनिटें, पण रोज. रविवारीं तीन तास बसून सहा दिवस वाद्यास हात न लावणें यानें मन आणि बोटें दोन्ही थकतात. मेट्रोनोम मिनिटास साठ ठोक्यांवर लावावा, तोंडानें मात्रा मोजाव्या आणि एकेक सूर त्या ठोक्यांत बसवावा. दिसावयास हें बालबोध वाटतें. परंतु ठोका इतका सावकाश असतां हात पुढें धांवूं न देणें भल्याभल्यांस जड जातें.

याहून आनंदाचा अभ्यास ऐकण्याचा आहे, आणि त्यासाठीं घरांतील जुनीं गाणीं पुरतात. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत शिकलेले वादक मुंबईस आले, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा मोठा आधार बनले. त्या वृंदांतून अगोदर डबल बेस आणि पुढें बेस गिटार वाजूं लागली. त्या काळचीं कितीतरी गाणीं आपणांस शब्दशः पाठ आहेत. परंतु त्यांचा खर्ज आपण क्वचितच लक्ष देऊन ऐकलेला असतो. हेडफोन लावून, गायकाचा आवाज बाजूस ठेवून, तळाशीं काय चाललें आहे तें ऐकावें. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यांतून तो सूर नीट उमटत नाहीं. पन्नास वर्षें ऐकलेलें गाणें त्या दिवशीं नव्यानें ऐकल्यासारखें वाटतें. आजच्या पिढींत मुंबईच्या मोहिनी डे यांनीं वडिलांपाशीं बालपणींच ही विद्या घेतली आणि ए. आर. रहमान यांच्यासारख्यांबरोबर साथ करून कीर्ति मिळविली. त्यांच्याशीं आपली तुलना करूं नये. त्यांचें वादन ऐकून या वाद्याची मजल कोठवर जाते तें पाहावें.

सर्वांत कठीण भाग बोटांचा नसून घरांतील स्थानाचा आहे. एकत्र कुटुंबांत वडील माणसाची प्रतिष्ठा 'त्यांस ठाऊक असतें' या समजुतीवर उभी असते. ज्यांच्या सल्ल्यावांचून पूर्वीं घरांत कांहीं होत नसे, त्यांनीं बावीस वर्षांच्या शिक्षकापुढें, क्वचित् स्वतःच्या पुतण्यापुढें, बसून 'हें मला येत नाहीं, पुनः दाखव' असें म्हणणें सोपें नाहीं. तरी तें म्हणावें. घरांतील मुलांस रोज सांगितलें जातें कीं न येण्यांत लाज नाहीं, न शिकण्यांत आहे. पण तें खरें करून दाखविणारें वडील माणूस त्यांस फार थोड्या वेळां दिसतें. शिकवितांना पुतण्यानें काकांस 'अहो' म्हणण्याचें सोडूं नये, आणि काकांनीं त्या वीस मिनिटांपुरतें काकापण बाजूस ठेवावें, म्हणजे दोघांचाही मान राहतो.

घरांतील स्त्रियांची अडचण याहून वेगळी आहे. आजी किंवा काकू वाद्य घेऊन बसल्या कीं दूधवाला येतो, कुकरची शिट्टी होते, नातवंडाचा डबा सांपडत नाहीं. त्यांच्या वीस मिनिटांचे चार तुकडे होतात, आणि मग त्यांचें मन लागत नाहीं असा शेरा मिळतो. ज्या बाईनें साऱ्या घराचें वेळापत्रक आयुष्यभर सांभाळलें, तिच्यासाठीं दिवसांतील एक दार वीस मिनिटें बंद ठेवणें हें घरचें कर्तव्य आहे. त्यांत उपकार कांहीं नाहीं. आवाजाची सबब तर या वाद्यास लागूच पडत नाहीं. ध्वनिवर्धकावांचून त्याचा आवाज शेजारच्या खोलींतही जेमतेम जातो, आणि हेडफोन लावून तर मुलांच्या परीक्षेच्या दिवसांतही खुशाल वाजवावें. ध्वनिवर्धक मोठा करून मात्र रात्रीं वाजवूं नये. खर्जाचा आवाज भिंतींतून पार जातो आणि शेजारधर्मास बाध येतो.

घरच्या मंडळींनीं आणखी दोन गोष्टी टाळाव्या. एक, हंसणें, आणि दुसरी, खोटी वाहवा. पाहुण्यांपुढें आजोबांस वाजवावयास बसवून त्यांचें कौतुक करणें यांत बहुधा कौतुकापेक्षां करमणूकच अधिक असते, आणि तें त्यांस समजतें. त्यापेक्षां त्यांस खरें काम द्यावें. नात गिटार वाजवीत असेल, पुतण्या तबल्यावर असेल, सूनबाई गात असतील, तर खर्जाची जागा त्यांच्यासाठीं मोकळी ठेवावी, आणि चूक झाल्यास इतरांस सांगतों तशीच ती त्यांसही सांगावी. निवृत्तीनंतर माणसास जी व्यथा होते ती बहुधा रिकाम्या वेळाची नसून, आपल्यावांचून सर्व कांहीं नीट चालतें, या जाणिवेची असते. जेथें आपण चुकलों तर गाणें अडतें, अशी एक लहान जागा मिळणें हें अशा वेळीं औषधासारखें आहे.

गेलेलीं वर्षें परत येत नाहींत, आणि साठीस आरंभ करणारा विसाव्या वर्षीं आरंभ करणाऱ्याची मजल गांठील असें सांगणें खोटेपणाचें होईल. म्हणून ध्येय वयास शोभेल असें ठेवावें: वर्षभरानें घरच्या मंडळींबरोबर चार गाणीं, ताल न सोडतां, शेवटपर्यंत. तेवढें निश्चित साधतें. ज्या वाचकांच्या घरीं चार तारांचें वाद्य नसेल त्यांनीं तें घेण्यापूर्वीं कोणाचें तरी महिनाभर मागून आणावें, आणि शक्य तर सॉक्रेटीसाप्रमाणें आणखी एका समवयस्कास बरोबर घ्यावें. दोघे असले म्हणजे मुलांचें हंसणें निम्मेंच लागतें.